पायगाडीवरून पनवेलचा मुलूख

कर्नाळा किल्ला पनवेलहून किती लांब आहे, असे वर्गात विचारले असता बहुतेक विद्यार्थी "पंधरा मिनिटे" किंवा "अर्धा तास" असे उत्तर देतात. प्रश्न अंतराचा असतो व उत्तर वेळेचे येते. यात विद्यार्थ्यांस बोल लावण्याजोगे काही नाही. मोटारीच्या काचेआड बसून प्रवास करणाऱ्यास चढ कळत नाही, उतार कळत नाही, वारा समोरून येतो आहे की पाठीशी आहे हेही कळत नाही. त्याच्या लेखी सगळी पृथ्वी सपाट असते आणि गावे म्हणजे खिडकीतून मागे पळणाऱ्या पाट्या. परंतु भूगोल आणि इतिहास हे दोन्ही विषय तर चढउतारांवरच उभे आहेत. सायकल, जिला आपले आजे-पणजे पायगाडी म्हणत असत, ती या चढउतारांची ओळख कशी करून देते व पनवेलच्या आसपासचा मुलूख तिच्यावरून कसा वाचता येतो, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. लेखात पालकांशीही थोडे बोलावयाचे आहे. कारण सायकल मुलाची असली तरी परवानगी त्यांची असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सायकलस्वाराचे पाय जेथे थकतात आणि त्यास उतरून सायकल हाताने ढकलावी लागते, तेथे त्याने मान वर करून पाहावे. बहुधा तेथे एखादा किल्ला दिसेल. हा योगायोग नव्हे. जो चढ आपल्यास अवघड, तोच पूर्वी लमाणांच्या बैलांस, घोडेस्वारांस व तोफांच्या गाड्यांस अवघड होता. अशा जागी तांडा रेंगाळतो, माणसे दम घेतात, वाट अरुंद होते आणि सर्वांस एका रांगेने जावे लागते. जकात घ्यावयाची तर ती येथेच, शत्रूस अडवावयाचे तर तेही येथेच. सपाट मैदानात शंभर वाटा फुटतात. खिंडीत एकच असते. म्हणून राज्यकर्त्यांनी मैदानात पेठा वसविल्या आणि खिंडींवर किल्ले बांधले. हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले तर विद्यार्थी ते उतरून घेतील, परीक्षेत लिहितील आणि सुट्टी लागताच विसरतील. तेच वाक्य एकदा पोटऱ्यांनी शिकले की विसरू म्हटल्याने विसरत नाही.

आधी आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. पनवेल हे एके काळी भरभराटीचे बंदर होते, हे आज सांगूनही पटावयाचे नाही. मुंबईहून भरतीच्या पाण्यावर निघालेले मचवे खाडीतून येथवर येत. पाणी संपले की माल बैलांच्या पाठीवर चढे व बोरघाटाची वाट धरी. म्हणजे होडीचे काम जेथे संपते आणि पायांचे सुरू होते, नेमके तेथे पनवेल वसले. १८३० च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला, आणि पुढे तीसेक वर्षे मुंबईहून पुण्यास जाणारे पुष्कळ प्रवासी पनवेलास होडीतून उतरून गाडीने पुढे जात. गावास बरकत आली. १८५२ मध्ये येथे नगरपालिकाही स्थापन झाली. १८६३ मध्ये मात्र आगगाडीने कर्जतच्या बाजूने घाट चढण्याची युक्ती साधली आणि वाहतूक कल्याणवरून जाऊ लागली. पनवेल एकाएकी बाजूला पडले. घाट चढण्याची नवी वाट सापडली की एका गावाचे दैव उजाडते व दुसऱ्याचे मावळते. आणि पुढे महामार्ग झाले तेव्हा तेच दैव पुन्हा पनवेलकडे वळले, हे आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत.

जुन्या पनवेलच्या गल्ल्यांतून सायकल हळूच चालवावी लागते. त्या सक्तीच्या मंदगतीचा फायदा असा की बेने इस्राएल समाजाचे १८४९ सालचे बेथ एल सभास्थान नजरेतून सुटत नाही. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. घरी मराठी बोलणाऱ्या या शेजाऱ्यांपैकी पुष्कळ कुटुंबे आता इस्राएल देशी राहावयास गेली आहेत.

गावाबाहेरची पहिली फेरी कोणती असावी, असे विचाराल तर आम्ही किल्ल्याचे नाव घेणार नाही. आम्ही सांगू की आपल्या घरच्या नळाचे पाणी कोठून येते ते पाहून या. पनवेलातून वाहणारी गाढी नदी ओलांडून नेऱ्याची वाट धरावी व नदीच्या खोऱ्याने वर वर जावे. मोठ्या रस्त्यावरची मालमोटारींची वर्दळ मागे राहते, भातखाचरे लागतात, आणि वाट इतक्या सावकाशीने चढते की चढ डोळ्यांस दिसत नाही, फक्त गुडघ्यांस कळतो. समोर माथेरानचे पठार भिंतीसारखे आडवे पसरलेले, उजव्या हातास प्रबळगडाचा प्रचंड माथा आणि त्यास खेटून कलावंतिणीचा सुळका, अशा त्या कोनाड्यात देहरंगचे धरण आहे. त्यास गाढेश्वरचे धरणही म्हणतात. माथेरान व प्रबळ यांच्या अंगावर पडलेला पाऊस येथे साठतो आणि नळांनी गावात येतो. जो विद्यार्थी हे पाणी आपल्या पायांनी उगमापर्यंत शोधीत गेला, तो घरी नळ उघडा ठेवून जाईल असे आम्हांस वाटत नाही. धरणात पोहण्यास उतरावयाचे नाही, हे येथेच स्पष्ट सांगून ठेवतो. पाणी वरून शांत दिसते. आत गाळ व खोल खड्डे असतात.

येताना हीच वाट न थकता अर्ध्या वेळात उरकते, तेव्हा जाताना आपण किती चढलो होतो याचा उलगडा होतो. पाणीही याच उताराने येते.

आता कर्नाळा. पुण्याच्या जुन्या रस्त्याने निघून पळस्प्याच्या फाट्यावर गोव्याकडे वळावयाचे. या फाट्यावर वाहनांची एवढी गर्दी असते की मोठ्यांनीही सायकलीवरून उतरून, ती हाती धरून, रस्ता ओलांडावा. यात कमीपणा नाही. पळस्पे हे नाव मात्र इतिहासात कोरलेले आहे. १८७९ च्या मे महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांचा साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरला व त्याने पळस्पे आणि चिखली येथे धाड घालून मोठी लूट मिळविली. ती घेऊन घाटाकडे परतत असता मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यास गाठले आणि तो मारला गेला. लूट जड होती व वाट चढाची होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे असा पाठलाग कोणाच्या सोयीचा असतो हे सांगावयास नको.

फाट्यापासून थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. वासुदेव बळवंतांचा जन्म याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचा वाडा व स्मारक पाहण्यासाठी महामार्ग सोडून गावात शिरावे लागते, आणि मोटारीतून जाणारे शेकडा नव्वद लोक शिरत नाहीत. पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करणारा हा मनुष्य. पुण्यातील महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या मूळ संस्थेच्या संस्थापकांत त्याचे नाव आहे, ही गोष्ट शाळेच्या मुलांनी विशेष ध्यानात धरावी. पुढे दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्याने रामोशी व इतर लोक जमवून इंग्रजी राज्याविरुद्ध शस्त्र उचलले. जुलै १८७९ मध्ये तो पकडला गेला, जन्मठेपेवर एडनला पाठविला गेला, तेथील तुरुंगातून एकदा निसटलाही, पण पुन्हा धरला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच मरण पावला. त्याचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते असे सांगतात. शिरढोणच्या अंगणात उभे राहून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे पाहिले म्हणजे, लहानपणी रोज तो समोर दिसणाऱ्या मुलाच्या मनात काय काय आले असेल, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

शिरढोण सोडले की रस्ता डोंगराच्या तोंडात शिरतो. दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते, पायडल जड होते, आणि बोलत चाललेली मुले एकामागून एक गप्प होतात. हीच ती खिंड. पनवेलच्या बंदरातून पेणकडे व दक्षिण कोकणात जाणारी वाट येथून जाते, आणि तिच्या डोक्यावर कर्नाळा बसला आहे. आमच्या सिद्धांताचे याहून चांगले प्रमाण आम्हांस ठाऊक नाही.

खिंडीतील अरण्य १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. त्याच्या दरवाजाशी सायकली कुलूप लावून ठेवाव्यात व पुढे पायी चढावे. सायकलीने आलेल्यास एक लाभ असा की त्याचे कान इंजिनाच्या घरघरीने बधिर झालेले नसतात. पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू आली तर प्रथम कोणी मनुष्यच मजेत शीळ घालीत चालला आहे असे वाटते. भृंगराजाच्या शेपटीची दोन लांब पिसे, स्वर्गीय नर्तकाची पांढरी फीत, ही ज्यास दिसतील तो भाग्याचा. न दिसल्या तरी चढ सार्थकी लागतो, कारण वर किल्ला आहे.

किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर असून माथ्यावर सव्वाशे फुटांच्या आसपास उंच असा काळ्या पाषाणाचा सुळका उभा आहे. लोक त्यास अंगठा म्हणतात. दख्खनचा हा सगळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनला. नरम थर पावसाने झिजून गेले, कठीण भाग राहिला. हा अंगठा म्हणजे त्या झिजेतून वाचलेली शिल्लक होय. त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. किल्ला लहान आहे, पण पाणी आणि दृष्टी या दोन गोष्टी त्यापाशी भरपूर आहेत. निरभ्र दिवशी प्रबळ, माणिकगड, इर्शाळ हे शेजारी तर दिसतातच, शिवाय पश्चिमेस मुंबईच्या बंदराचे पाणी चकाकते. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून तेथे आरडाओरड, धूर अथवा दगडफेक यांपैकी काहीही करू नये. मधमाशी शिक्षकांची ओळख मानीत नाही.

एवढ्याशा किल्ल्यासाठी किती सत्ता झुंजल्या, ते पाहा. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला. तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या माणसांनी वसईच्या पोर्तुगिजांस हाक मारली. पोर्तुगिजांनी येऊन तो जिंकला, आणि अखेरीस वार्षिक खंडणीची बोली होऊन तो पुन्हा निजामशाहीकडे गेला. पोर्तुगीज हे समुद्राचे राजे. त्यांसही खाडीच्या तोंडापासून इतक्या आत या डोंगरावर यावे लागले, कारण मालाची वाट येथे अडते. पुढे शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळ्याचे नाव आहे. १६७० मध्ये महाराजांच्या फौजेने मातीचे मोर्चे उभारीत, त्यांच्या आडून पुढे सरकत, तो परत मिळविला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याने तो इंग्रजांसाठी जिंकला. त्यानंतर बारा वर्षांनी बोरघाटाचा गाडीरस्ता झाला आणि किल्ल्यांचे काम संपले. गाडीरस्ता व किल्ला यांचे असे वैर आहे.

ज्यांच्या अंगात आणखी त्राण असेल त्यांनी परतीसाठी खारपाड्याकडून साई व चिरनेर अशी वाट धरावी. चिरनेर हे उरण तालुक्यातील गाव. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. गावात आठ हुतात्म्यांचे स्मारक आहे. रानात गवत व लाकूड तोडण्याचा हक्क हा त्या लढ्याचा विषय होता; ज्या डोंगरउतारावरून आपण नुकतेच उतरलो त्याच डोंगराच्या कुशीत ही गोष्ट घडली.

बोरघाटाची फेरी मात्र शाळकरी मुलांसाठी नव्हे, हे प्रथमच सांगतो. खोपोलीपर्यंत चाळीसएक किलोमीटर, व पुढे घाट. महाविद्यालयात गेलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, तीही जाणत्या मंडळीबरोबर, ती करावी. नवा द्रुतगती मार्ग सायकलींस मना आहे, म्हणून जुन्या रस्त्यानेच जावे लागते. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव व वीरेश्वराचे मंदिर आहे. घाट चढण्यापूर्वी मनुष्य व बैल यांस पाणी लागते, हे त्या मुत्सद्द्यास पुण्यात बसून कळत होते. घाटमाथ्यावर राजमाची आणि पुढे लोहगड व विसापूर. म्हणजे चढ जितका मोठा, तितकी किल्ल्यांची संख्याही मोठी.

येथे विज्ञानाच्या तासातील एक गणित सोडवून दाखवितो. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी, पंधरा किलोची सायकल आणि पाच किलोचे सामान, मिळून ७० किलो. खोपोली ते खंडाळा ही उंची ढोबळ मानाने ५०० मीटर धरू. ७० किलो वजन ५०० मीटर उचलण्यास सुमारे साडेतीन लाख ज्यूल इतके कार्य करावे लागते. आपले स्नायू अन्नातील शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. तेव्हा शरीरास चौदा लाख ज्यूल खर्चावे लागतील. दोन-तीन भाकऱ्यांत एवढी शक्ती असते. एवढा दुर्घट घाट आणि किंमत तीन भाकऱ्या, हे पाहून आमच्या वर्गात नेहमी हशा पिकतो.

पण गणित तेथे संपत नाही. वर नेलेले साडेतीन लाख ज्यूल उतरताना परत मिळतात, आणि ते कोठेतरी गेलेच पाहिजेत. काही वाऱ्याच्या विरोधात जातात, उरलेले ब्रेकमध्ये. साडेतीन लाख ज्यूल उष्णतेने एक लिटर थंड पाणी उकळीस येते. म्हणजे घाट उतरणारा मुलगा आपल्या दोन चाकांच्या कडांत जवळजवळ एक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता ओतीत असतो. म्हणून उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. मधून मधून दाबावा व सोडावा, पुढचा व मागचा दोन्ही वापरावेत, आणि दोन वळणांनंतर थांबून चाकाच्या कडेस हात न लावता, जवळ नेऊन, ऊब पाहावी. चढावर मनुष्याची परीक्षा होते, उतारावर सायकलीची. अपघात बहुधा दुसऱ्या परीक्षेत होतात.

याच जुन्या रस्त्याने जाताना चौक गावाजवळ डाव्या हातास इर्शाळगडाचा तुटक माथा दिसतो. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, अतिवृष्टीत, वरचा डोंगर खचून ती निजलेल्या माणसांसह गाडली गेली. २७ जणांचे देह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्यांत तुमच्या वयाची मुले होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांस भर पावसात चिखलाची चढण पायी चढावी लागली, आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. किल्ल्याचे रक्षण करणारा चढ माणसांच्या मदतीस आड येतो, हे या मुलखाचे दुसरे अंग होय व ते सांगितल्यावाचून पहिले सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून आमच्या शाळेतून आषाढ-श्रावणात कड्यांखालच्या वाटांनी एकही फेरी निघत नाही. पाऊस उघडल्यावर, भात कापणीस येते त्या सुमारास, हवा निवळते व वाटा कोरड्या होतात. तो काळ उत्तम.

पालकांची भीती आम्ही जाणतो. ती खोटी नाही. महामार्गावरून जाणाऱ्या अवजड गाड्यांपुढे सायकलस्वार म्हणजे कस्पट आहे. आमचे उत्तर एवढेच की, भीती रस्त्याची आहे, सायकलीची नव्हे. तेव्हा रस्ता निवडावा. नेऱ्याच्या खोऱ्यासारख्या आडवाटा आधी, महामार्गाचा तुकडा शेवटी, व तोही शिक्षकांबरोबर. पहाटे उजाडताच निघून दहाच्या आत परतावे. एका रांगेत चालावे. पुढे एक जाणता, मागे एक जाणता. डोक्यावर शिरस्त्राण, सायकलीस मागे तांबडा दिवा, अंगात भडक रंगाचा सदरा. सीट इतकी उंच असावी की पायडल खाली असता गुडघा किंचितच वाकलेला राहील. पुष्कळ मुले ती फार खाली ठेवतात आणि मग चढावर गुडघे दुखले म्हणून सायकलीस दोष देतात. पंक्चर स्वतः काढता येत नाही अशा मुलास आम्ही गावाबाहेर नेत नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणे, जागा घासून खरखरीत करणे, सोल्युशन लावून ते जरा सुकू देणे व मग ठिगळ दाबणे. सुकू देण्याचा धीर ज्यास नाही त्याचे ठिगळ पुढच्या मैलावर निघते.

आणखी एक गोष्ट. फेरीची नावनोंदणी होते तेव्हा मुलांची यादी भरते आणि मुलींच्या यादीत दोन-तीन नावे पडतात. चौकशी केली असता घरून नको म्हणाले, असे समजते. ज्या मुली सकाळी पाण्याच्या बादल्या उचलतात, लहान भावंडांस कडेवर घेऊन जिने चढतात, त्यांचे पाय चढास दुबळे आहेत असे कोणी म्हणणार नाही. कर्नाळ्याची खिंड त्यांच्याही भूगोलाच्या पुस्तकात आहे. शिक्षिका बरोबर असतात. पालकांनी याचा पुन्हा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

सायकलीने मनुष्य किती दूर जाऊ शकतो, याची मर्यादा कोणीतरी वारंवार मोडीतच आला आहे. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात पुढचे चाक खूप उंच असलेल्या जुन्या धाटणीच्या सायकलीवरून पृथ्वीभोवती गेला, आणि वाटेत लाहोर ते कलकत्ता हा आपला मुलूखही त्याने तुडविला. त्याहून जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. वाळवंटे, बर्फाच्छादित घाट, जंगले, सर्व काही त्यांनी ओलांडले. त्यांच्या सायकलींस आजच्यासारखे अनेक गिअर नव्हते. आमच्या मुलांच्या सायकलींस एकवीस गिअर असतात व त्या बहुतेक शिकवणीच्या वर्गाबाहेर उभ्या असतात.

असो. एका निकडीच्या गोष्टीकडे वळतो. आपला मुलूख आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापून सपाट केला गेला व उलवे नदीचे पात्र वळविण्यात आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळास आमचा विरोध नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल त्याच्या कामावर पेटली आहे व पुढेही पेटेल. परंतु जो डोंगर गेला त्याचा चढ कसा होता, त्यावरून काय काय दिसत होते, कोणत्या पाऊलवाटा होत्या, हे शाळेच्या एकाही वहीत लिहिलेले नाही. आणि आता ते लिहिता येणार नाही. दगडाच्या खाणींनी इतरही टेकड्या पोखरल्या जात आहेत. ज्यांस अजून पाहता येते त्यांनी पाहून ठेवावे व उतरवून ठेवावे, एवढेच आम्ही म्हणतो.

या हेतूने यंदा आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकडून एक चढनकाशा तयार करून घेण्याचे ठरविले आहे. त्याची रीत सोपी आहे. प्रत्येक फेरीत एका वहीत तीन गोष्टी टिपावयाच्या. कोणत्या जागी पायडल जड झाले. कोणत्या जागी उतरून ढकलावे लागले. आणि त्या जागी उभे राहिल्यावर सभोवार काय दिसले. विहीर, पार, देऊळ, चौकीचा पडका चौथरा, वीरगळ, वडाचे झाड, जे असेल ते लिहावे. जागेचे नाव तेथील माणसासच विचारावे. ठाकर व कातकरी मंडळींस प्रत्येक वळणाचे, प्रत्येक ओहोळाचे नाव ठाऊक असते, आणि ती नावे कोणत्याही छापील नकाशात नाहीत. विचारताना अहोजाहो करावे व उत्तर मिळाल्यावर आभार मानावेत. सर्व वह्या जमल्यावर एका मोठ्या कागदावर चढ तांबड्या रेषांनी व किल्ले काळ्या टिंबांनी दाखवू. तांबड्या रेषांच्या टोकांशी काळी टिंबे किती पडतात ते पुढील वर्षीच्या अंकात छापू. आमचा सिद्धांत खोटा ठरला तर तेही छापू.

पहिली फेरी देहरंगची, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी निघेल. पालकांच्या सहीची चिठ्ठी आदल्या बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी. प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी, दोन भाकऱ्या, एक जादा ट्यूब आणि वही-पेन्सिल आणावी. ज्यांच्यापाशी हवा भरण्याचा पंप असेल त्यांनी तो अवश्य आणावा. शाळेचा एकच आहे.